संसदेत विधेयक आलंय, म्हणजे नेमकं काय झालंय? नव्यानं माग ठेवणाऱ्यांसाठी

डिसेंबर २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं. ऑफिस सुटल्यावर कंपनीचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा, असा त्याचा आशय. बातमी वाचल्यावर बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "मग कधीपासून लागू?" प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटून पहिला आहे. त्याआधी विचारायचे चार-सहा प्रश्न शाळेत कुणी नीट शिकवत नाही. नागरिकशास्त्रात विधेयकाची तीन वाचनं आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि पेपर दिल्यावर विसरून जातो.

हे प्रश्न प्रत्येकाला विचारता यावेत असं मला मनापासून वाटतं. विधेयक ज्या टप्प्यांतून जातं त्यांतल्या काही टप्प्यांवर सामान्य माणसाला खरोखर बोलता येतं. टप्पा उलटून गेल्यावर कितीही आरडाओरड केली तरी ती कागदावर येत नाही.

आधी बघा, मांडलं कुणी

मंत्र्यानं मांडलेलं ते सरकारी विधेयक. मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं ते खासगी विधेयक, मग तो खासदार सत्ताधारी पक्षाचा असला तरी. दोन्ही छापील कागदावर सारखीच दिसतात, पण त्यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९५२ पासून आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतलं शेवटचं १९७० मध्ये. खासगी विधेयकांसाठी अधिवेशन काळात शुक्रवारची दुपार राखलेली असते, लोकसभेत शेवटचे अडीच तास. त्यातही दर शुक्रवारी ती वेळ मिळेलच असं नाही, आणि मांडलेल्या बहुतेक विधेयकांवर चर्चेची पाळीच येत नाही. 'राइट टू डिस्कनेक्ट'वरचं विधेयक सुळे यांनी याआधी २०१८ मध्येही मांडलं होतं.

म्हणून खासगी विधेयकं निरुपयोगी, असं मात्र समजू नका. विषय संसदेच्या कागदपत्रांत येतो, चर्चेला आलं तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि सरकारची भूमिका नोंदली जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेनं संमत केलं. ते पुढं लोकसभेत संमत झालं नाही, पण सरकारला त्या विषयावर स्वतःचं विधेयक आणावं लागलं. तेव्हा खासगी विधेयकाची बातमी आली की आनंद जरूर माना, फक्त लागू होण्याची तारीख शोधत बसू नका.

मग प्रकार ओळखा

यात फार वेळ घालवायला नको, पण तीन प्रकार माहीत हवेत. साधं विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येतं आणि दोन्ही सभागृहांत साध्या बहुमतानं संमत व्हावं लागतं. दोघांचं जुळलंच नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर तसं तीनदाच झालं : १९६१, १९७८ आणि २००२.

धन विधेयक म्हणजे केवळ कर, सरकारी कर्ज, तिजोरीतला पैसा अशा गोष्टींपुरतं विधेयक. ते फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभेनं ते १४ दिवसांत परत करायचं, आणि तिच्या शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभेनं ठरवायचं. एखादं विधेयक धन विधेयक आहे का, याचा निर्णय लोकसभा अध्यक्षांचा. म्हणूनच २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून आणलं गेलं तेव्हा एवढा वाद झाला. राज्यसभेनं सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेनं त्याच दिवशी फेटाळल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ती पद्धत मान्य केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळं निकालपत्र लिहून ती घटनाबाह्य ठरवली.

तिसरा प्रकार घटनादुरुस्तीचा. त्याला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबा, असं दुहेरी बहुमत लागतं. संयुक्त बैठकीची पळवाट इथं नाही. काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. जीएसटीच्या घटनादुरुस्तीला महाराष्ट्र विधिमंडळानं ऑगस्ट २०१६ मध्ये विशेष अधिवेशन घेऊन मान्यता दिली ती याच कारणानं. इथं नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. विधेयकाचा क्रमांक आणि झालेल्या दुरुस्तीचा क्रमांक वेगळे असतात. जीएसटीचं १२२ वं विधेयक १०१ वी घटनादुरुस्ती झालं. महिला आरक्षणाचं १२८ वं विधेयक १०६ वी घटनादुरुस्ती झालं. दोन बातम्यांत दोन आकडे दिसले तर दोन वेगळे कायदे समजू नका.

मूळ कागद हातात घ्या

बातमी, अग्रलेख, टीव्हीवरची चर्चा हे सगळं नंतर. 'संसद डॉट इन' या संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकांचा वेगळा विभाग आहे. तिथं प्रत्येक विधेयकापुढं मांडल्याची तारीख, मंत्रालय, सध्याचा टप्पा आणि पीडीएफ मिळते. एकाच विधेयकाच्या दोन-तीन प्रती असू शकतात. 'ॲज इंट्रोड्यूस्ड' लिहिलेली प्रत म्हणजे मांडलं तेव्हाचा मजकूर, आणि 'ॲज पास्ड' म्हणजे सभागृहानं दुरुस्त्यांसह संमत केलेला. वाद घालताना दोन माणसं दोन वेगवेगळ्या प्रती हातात धरून भांडतात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. आधी प्रत कोणती ते बघा.

विधेयक इंग्रजीत आणि हिंदीत असतं, मराठीत मिळत नाही. केंद्रीय अधिनियमांचं अधिकृत मराठी भाषांतर होतं आणि ते काम आपल्याकडं भाषा संचालनालय पाहतं, पण ते कायदा झाल्यानंतर, आणि बरेचदा खूप उशिरा. विधेयकाच्या टप्प्यावर इंग्रजी किंवा हिंदीशी झटावंच लागतं. मदतीला पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर विधेयकाचा सोपा गोषवारा आणि मुद्देसूद टिपण मिळतं. ते जरूर वाचा, पण मूळ विधेयक शेजारी उघडं ठेवून.

वाचायचं ते शेवटाकडून

पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर व्याख्यांच्या कलमातच दमाल. पीडीएफच्या शेवटाकडं जा. तिथं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. सरकारला हा कायदा का हवा, हे एक-दोन पानांत, मंत्र्याच्या सहीनिशी. त्यानंतरचं वित्तीय ज्ञापन सांगतं की तिजोरीवर बोजा किती. अंमलबजावणीला पैसा लागणार हे उघड असताना तिथं खर्च नाही असं लिहिलेलं असेल, तर तो प्रश्न खासदाराला विचारण्याजोगा आहे.

मग येतं प्रत्यायोजित विधिविधानाविषयीचं ज्ञापन. नाव जड आहे, पण नवख्या वाचकानं एवढं एक पान वाचलं तरी पुरे, इतकं ते महत्त्वाचं आहे. संसद कोणत्या गोष्टी स्वतः ठरवते आहे आणि कोणत्या गोष्टी नंतर नियम करून ठरवायला सरकारच्या हाती देते आहे, याची यादी तिथं असते. विधेयकात जिथं जिथं 'विहित केल्याप्रमाणे' असं येतं, तिथं तपशील अजून लिहिलेलाच नसतो. अर्जाचा नमुना, शुल्क, मुदत या गोष्टी नियमांत गेल्या तर बिघडत नाही. पण एखाद्या मंडळावर कोण बसणार, सूट कुणाला मिळणार, असा कणाच नियमांवर सोडला असेल तर सावध व्हा.

शेवटची कलमंही नीट बघा. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आधी तपासतो, तसंच. २०२३ चं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक घ्या. ४४ कलमांचं विधेयक. नाव डेटा संरक्षणाचं, चर्चा मोबाइल ॲप आणि कंपन्यांची. आणि अगदी शेवटच्या कलमात, ४४ च्या पोटकलम ३ मध्ये, माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं होतं. मूळ तरतूद अशी होती की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती उघड केल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल, तर ती नाकारता येईल. व्यापक जनहित असेल तर मात्र द्यावी लागेल. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं त्याला जोडलेलं वाक्य होतं. नव्या मजकुरात उरलं ते एवढंच : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. बाकीच्या अटी आणि ते जोडवाक्य गेलं.

सरकारचं म्हणणं, जनहितासाठी माहिती देण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम ८(२) मध्ये शाबूत आहे. माहिती अधिकारात काम करणाऱ्यांचं म्हणणं, आता नाकारणं हा नियम होईल आणि जनहित सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडेल. मला दुसऱ्या बाजूचं पटतं. ज्या राज्यात केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, माहिती अधिकाराचा कायदा झाला आणि लाभार्थींच्या याद्या मागवून गावोगावच्या लोकांनी गैरप्रकार बाहेर काढले, त्या राज्याला हे पोटकलम बोचलंच पाहिजे. तुम्हाला सरकारचं पटो की माझं, ते कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं असावं. विधेयकाच्या नावात माहिती अधिकाराचा उल्लेखही नव्हता. मात्र दुसऱ्या कायद्यात बदल करणाऱ्या विधेयकाला परिशिष्ट जोडलेलं असतं आणि बदलल्या जाणाऱ्या जुन्या कलमांचे उतारे त्यात असतात. जुना मजकूर आणि नवा मजकूर शेजारी ठेवून वाचला की पाणी कुठं मुरतंय ते दिसतं.

तारखांवर नजर ठेवा

संसदेची साधारण तीन अधिवेशनं होतात : जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होणारं अर्थसंकल्पी, जुलै-ऑगस्टचं पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं हिवाळी. अधिवेशनाआधी सरकार आणू इच्छित असलेल्या विधेयकांची यादी प्रसिद्ध होते. ती जपून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. रोजची कामकाजपत्रिका संकेतस्थळावर येते, तिला पुरवणी पत्रिकाही निघते. महिला आरक्षणाचं विधेयक १९ सप्टेंबर २०२३ रोजी अशाच पुरवणी पत्रिकेतून आलं, दुसऱ्या दिवशी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि तिसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालं. मांडण्याच्या दोन दिवस आधी प्रती सदस्यांना द्याव्यात असा दंडक आहे, पण अध्यक्षांच्या परवानगीनं तो शिथिल करता येतो आणि केला जातो.

विधेयक रखडलं तर त्याचं काय होतं, तेही माहीत असावं. अधिवेशन संपल्यानं विधेयक मरत नाही. लोकसभा विसर्जित झाली की मात्र लोकसभेत पडून असलेली आणि लोकसभेनं संमत करून राज्यसभेत अडकलेली विधेयकं रद्दबातल होतात. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेत अजून न गेलेलं विधेयक टिकतं. महिला आरक्षणाचंच आधीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि ९ मार्च २०१० रोजी तिथं संमत झालं. पुढं ते लोकसभेत गेलं, चार वर्षं पडून राहिलं आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबर संपलं.

समिती : तुमचं म्हणणं इथं ऐकलं जातं

विभागवार २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. त्याखेरीज एखाद्या विधेयकापुरती प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली जाते. बंद दाराआड कामकाज चालतं. कॅमेरे नसल्यामुळं तिथं पक्षांपलीकडं जाऊन कलमांवर खरीखुरी चर्चा होण्याची शक्यता जास्त. समिती अधिकाऱ्यांना बोलावते, जाणकारांना बोलावते, आणि अनेकदा वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनं मागवते.

समितीत गेलं की बदल होतो का? होतो. नवा प्राप्तिकर कायदा ताजा आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी विधेयक मांडलं, बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीकडं गेलं, जुलैत अहवाल आला. सरकारनं ऑगस्टमध्ये मूळ विधेयक मागं घेऊन समितीच्या शिफारशी सामावलेलं दुसरं विधेयक आणलं. भारतीय न्याय संहितेचंही तसंच : ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेलं विधेयक स्थायी समितीच्या अहवालानंतर मागं घेऊन डिसेंबरात नव्यानं आणलं गेलं.

म्हणून काळजीची गोष्ट ही की समित्यांकडं जाणारी विधेयकं घटली. पीआरएसच्या नोंदीनुसार १५ व्या लोकसभेत (२००९-१४) सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडं गेली होती, १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) सुमारे १६ टक्के. तीन कृषी विधेयकं समितीकडं न जाताच सप्टेंबर २०२० मध्ये संमत झाली आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते कायदे रद्द केले. शेतकऱ्यांना समितीपुढं बोलू दिलं असतं तर बरंच काही टळलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

निवेदन मागवल्याची जाहिरात दिसली की मुदत आधी बघा. ती अनेकदा पंधरा दिवसांच्या आसपास असते. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायचं असतं, टपालानं किंवा ईमेलनं. 'हे विधेयक जनविरोधी आहे, मागं घ्या' असं लिहिलेली हजार पत्रं एका गठ्ठ्यात जातात. तुम्ही दोन पानं लिहा, पण अशी : कलम अमुक, पोटकलम तमुक. आत्ताचा मजकूर हा. त्यामुळं माझ्या कामात ही अडचण येईल. त्याऐवजी हे शब्द घालावेत. तुम्ही ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर असाल, दवाखान्यात नोंदणीला बसत असाल, बचत गटाचे हिशेब ठेवत असाल, तर रोजचं काम नेमकं कुठं अडेल हे तुमच्याइतकं दिल्लीतल्या कुणाला ठाऊक नसतं. समितीपुढं प्रत्यक्ष बोलायची इच्छा असेल तर तेही निवेदनात लिहावं लागतं. एक पथ्य पाळा : समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, त्यामुळं ते फेसबुकवर टाकू नका.

समितीच्या आधीही एक संधी असते. २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार मंत्रालयांनी विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवणं अपेक्षित आहे. ते दरवेळी पाळलं जात नाही. पण डेटा संरक्षणाच्या बाबतीत तीच खिडकी मोलाची ठरली. २०१९ चं विधेयक संयुक्त समितीकडून परत आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये मागं घेतलं गेलं. नवा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये सूचनांसाठी खुला झाला. पुढचं विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी मांडलं, ७ ऑगस्टला लोकसभेत, ९ ऑगस्टला राज्यसभेत संमत झालं आणि ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. आठ दिवसांत सगळं उरकलं. ज्यांनी मसुद्याच्या वेळी लिहिलं नाही, त्यांना लिहायला जागा उरली नाही.

चर्चेच्या दिवशी काय बघायचं

संसद टीव्हीवर थेट प्रक्षेपण असतं. भाषणं रंगतदार असतात, पण लक्ष द्या ते चर्चेनंतरच्या मंत्र्याच्या उत्तराकडं आणि मग कलमवार मतदानाकडं. पीठासीन अधिकारी एकेक कलम किंवा कलमांचा गट वाचतात, दुरुस्त्या मांडणाऱ्यांची नावं पुकारतात, 'हो' आणि 'ना'चे आवाज येतात आणि कलम विधेयकाचा भाग बनतं. कलम १ आणि विधेयकाचं नाव सगळ्यात शेवटी मंजूर होतं. हे फार भरभर चालतं. हातात विधेयकाची प्रत असेल तरच समजतं.

आवाजी मतदानात कोणत्या खासदारानं काय केलं याची नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, झाली तरच नावानिशी नोंद होते. घटनादुरुस्तीला ती होतेच, इतर वेळी सदस्यानं मागावी लागते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयकं आवाजी मतदानानं संमत झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, म्हणूनच तो दिवस एवढा वादाचा झाला. उलट वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत मध्यरात्रीनंतर मतविभागणी झाली, २८८ विरुद्ध २३२. तुमच्या खासदारानं काय केलं, हे अशा वेळी नक्की कळतं.

आपल्या खासदारांना लिहायचं असेल तर मतदानाच्या आदल्या दिवशी लिहून फारसा उपयोग नाही. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला असेल तर त्याविरुद्ध मत दिल्यानं १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदींखाली सदस्यत्व जाऊ शकतं. विधेयक समितीत असताना, किंवा दुरुस्तीची नोटीस देण्याआधी लिहा. आणि मराठीतच लिहा. सदस्यांना सभागृहातही मातृभाषेत बोलता येतं.

राजपत्र, आणि मग नियम

दोन्ही सभागृहांतून बाहेर पडलेलं विधेयक राष्ट्रपतींच्या सहीनंतर राजपत्रात अधिनियम म्हणून छापलं जातं. आता तरी लागू झालं का? कलम १ बघा. तिथं बहुधा असतं की केंद्र सरकार अधिसूचनेनं नेमील त्या दिवशी हा अधिनियम अंमलात येईल. तो दिवस उद्याचा असू शकतो किंवा कित्येक वर्षांनंतरचा. वेतन संहिता ऑगस्ट २०१९ मध्ये राजपत्रात आली, उरलेल्या तीन कामगार संहिता २०२० मध्ये. चारही अंमलात आल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात जे कामगार नव्या संहितेचा आधार सांगत होते, त्यांना जुनेच कायदे लागू होते. महिला आरक्षणाच्या दुरुस्तीत तर ते पुढची जनगणना आणि तिच्यावर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना यांनंतर सुरू होईल, असं कलमातच लिहिलं आहे.

डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये सूचनांसाठी आला आणि अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यात कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. माहिती अधिकारातला बदल मात्र लगेच अंमलात आला. एकाच कायद्याची वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या दिवशी जिवंत होतात ती अशी, म्हणून अधिसूचनेतले कलमांचे क्रमांक एकेक करून ताडून बघा.

नियम राजपत्रात आल्यावर ते दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जातात, साधारणपणे अधिवेशन चालू असतानाच्या एकूण ३० दिवसांसाठी, आणि त्या काळात ते बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा ठराव कोणताही खासदार आणू शकतो. असे ठराव फार क्वचित येतात, कारण पटलावर ठेवलेले नियम वाचणारी माणसं कमी आहेत. तुम्ही वाचलेत आणि कायद्याशी न जुळणारा नियम सापडला, तर नियमाचा क्रमांक आणि कायद्याचं कलम लिहून त्याच मुदतीत खासदाराकडं पाठवा.